दप्तरदाराचें स्वतःचें दप्तर

शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही गोष्ट मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु त्या कार्यांतील एका बारीक गोष्टीकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. ग्रंथाच्या शेवटीं जोडलेल्या ओव्यांत हें शुद्धीकरण कोणीं केलें, कोणत्या शकांत केलें व तें कां करावें लागलें, या तिन्ही गोष्टी स्पष्ट नमूद आहेत. दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावणारानें आपलें नांव, काळ व कारण मागें ठेविलें पाहिजे, ही जाणीव त्या ओव्यांच्या मुळाशीं आहे. मात्र एका चौथ्या प्रश्नाचें उत्तर तेथें मिळत नाहीं. दुरुस्तीपूर्वीं त्या त्या ठिकाणीं काय होतें? कोणता पाठ काढला व त्याच्या जागीं कोणता घातला, हें त्या नोंदीवरून कळत नाहीं; आणि हस्तलिखितांच्या युगांत तशी अपेक्षा करणेंही न्याय्य होणार नाहीं.

कोणीं, केव्हां, कां, आणि पूर्वीं काय होतें, हे चार प्रश्न लिखाणांतील कोणत्याही फेरफारास विचारतां येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींपुढें हेच प्रश्न मोठ्या निकडीनें उभे राहिले. त्यांचें उत्तर म्हणून जीं साधनें निर्माण झालीं, त्यांस इंग्रजींत ‘व्हर्शन कंट्रोल’ म्हणतात; आपण त्यांस आवृत्ति-नियंत्रण म्हणूं. या साधनांत लिखाणाची प्रत्येक आवृत्ति जपून ठेविली जाते, व तिच्याबरोबर बदल करणाराचें नांव, वेळ व कारण टिपलें जातें. हा सारा सांठा म्हणजे एक दप्तरच होय. परंतु या दप्तराचा पन्नास वर्षांचा इतिहास पाहतांना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. सर्वांच्या फेरफारांची नोंद ठेवणारा हा दप्तरदार स्वतःच्या व्यवस्थेंत झालेल्या फेरफाराची नोंद ठेवीलच, असें नाहीं. असें कां झालें, व तें कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय मला पुस्तकांतून सुचला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत एके सकाळीं संगणकावरील ग्रंथसूचींत मराठी पुस्तकांच्या नांवांच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें उमटूं लागलीं. इंग्रजी नांवें जशींच्या तशीं होतीं. ग्रंथालयाच्या कामाशीं माझा संबंध असल्यामुळें तें प्रकरण मला जवळून पाहावें लागलें. पंधरा दिवसांनंतर उलगडा झाला तो असा, कीं देवनागरी अक्षरें कोणत्या सांकेतिक पद्धतीनें वाचावीं व लिहावीं हें सांगणारी एका फाइलींतील एक ओळ कोणीं तरी हातानें बदलली होती. ती ओळ सुधारतांच जुनीं नांवें परत दिसूं लागलीं. पण त्या पंधरवड्यांत नव्यानें चढविलेलीं नांवें मात्र प्रश्नचिन्हांच्या रूपानेंच सांठविलीं गेलीं होतीं. तीं सारीं दाखल-नोंदवहीवरून पुन्हां लिहून काढावीं लागलीं.

याहून वाईट गोष्ट निराळीच होती. त्या पंधरवड्यांत सर्वांचा संशय एका वृद्ध कारकुनावर गेला. कारण त्या संगणकावर अधिक वेळ तेच बसत. पुढें त्या फाइलीवर शेवटच्या बदलाची तारीख आढळली, आणि त्या दिवशीं हे गृहस्थ रजेवर होते असें हजेरीपटावरून निघालें, म्हणून ते सुटले. बदल कोणीं केला, कशासाठीं केला, तें अखेरपर्यंत कळलें नाहीं. नोंद नसली म्हणजे दोषी मनुष्य सांपडत नाहीं, हें मला ठाऊक होतें. पण निर्दोष मनुष्यालाही आपला निर्दोषपणा दाखवितां येत नाहीं, हें त्या वेळीं प्रथम उमगलें.

अशा फाइलीस कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. प्रोग्रॅमनें काय करावें हें प्रोग्रॅमांत लिहिलेलें असतें. पण तें कोणत्या ठिकाणीं, कोणाच्या नांवानें व कोणत्या मर्यादेंत करावें, हें या निराळ्या फाइलींत सांगितलेलें असतें. नाटकाची संहिता एकच असते, पण रंगमंचाची मांडणी गांवोगांवच्या नाटकगृहाप्रमाणें बदलावी लागते. तसाच हा भेद आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स ही संगणक-व्यवस्था जन्मास आली, व तिच्यांत अशा फाइली साध्या मजकुराच्या ठेवण्याची रीत पडली. या रीतीचें महत्त्व फार आहे. साधा मजकूर वाचण्यास खास साधन लागत नाहीं. कोणीही तो उघडावा, वाचावा, हवी ती ओळ बदलावी, आणि शेजारीं टीपही लिहावी. यंत्राच्या अंतर्यामींची व्यवस्था त्यामुळें माणसाच्या वाचनांत आली.

पण जें सहज वाचतां येतें तें सहज बिघडवितांही येतें. एक कंस राहून गेला किंवा एक अक्षर अधिक पडलें, तर सारें यंत्र अडून बसतें. म्हणून युनिक्सच्या परंपरेंत कांहीं राखणदार प्रोग्रॅम निघाले. ‘व्हीआय-पीडब्ल्यू’ हा प्रोग्रॅम वापरणारांच्या यादीवर एका वेळीं दोघांचे हात पडूं नयेत म्हणून तिला तेवढ्यापुरतें कुलूप घालतो; ‘व्हीआय-सूडू’ हा अधिकारांची फाइल जागेवर ठेवण्यापूर्वीं तिचें व्याकरण तपासतो. हे राखणदार चूक टाळतात. पण ते इतिहास ठेवीत नाहींत. आपले चार प्रश्न तसेच राहतात.

त्या प्रश्नांस पहिलें व्यवस्थित उत्तर दिलें तें बेल प्रयोगशाळेंतीलच मार्क रॉचकिंड यांनीं. १९७२ सालीं त्यांनीं ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’, संक्षेपानें एससीसीएस, हें साधन तयार केलें. प्रथम तें आयबीएमच्या ३७० या जातीच्या मोठ्या संगणकावर स्नोबोल भाषेंत लिहिलेलें होतें. मागाहून तें युनिक्सवर सी भाषेंत आलें, व डिसेंबर १९७५ मध्यें रॉचकिंड यांचा त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. या साधनांत एका लिखाणाच्या सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलींत विणलेल्या असत, व कोणती ओळ कोणत्या आवृत्तींत आली आणि कोणत्या आवृत्तींत गेली, याच्या खुणा त्यांच्यामध्यें असत. नवी आवृत्ति दाखल करतेवेळीं साधन लेखकास शेरा लिहावयास सांगे. ‘कां’ या प्रश्नास अशा रीतीनें दप्तरांत कायमची जागा मिळाली.

हाताच्या दुरुस्तीविषयीं या साधनाची वृत्ति लक्षांत घेण्यासारखी आहे. युनिक्सवरील एससीसीएसच्या दप्तर-फाइलीच्या पहिल्याच ओळींत पुढील साऱ्या अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज मांडलेली असे. कोणीं ती फाइल बाहेरून उघडून तिच्यांतलें एक अक्षर जरी बदललें, तरी बेरीज जुळत नसे, आणि साधन ती फाइल बिघडली आहे असें सांगून पुढील काम नाकारी. पेढीच्या रोजकीर्दींतील पानाखालची बेरीज जें काम करते, तेंच हें. परंतु निर्मात्यांस हेंही ठाऊक होतें, कीं क्वचित् प्रसंगीं हातानें दुरुस्ती करण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून बेरीज नव्यानें मांडण्याची एक आज्ञाही त्यांनीं देऊन ठेविली होती.

१९८२ सालीं पर्ड्यू विद्यापीठांतील वॉल्टर टिची यांनीं ‘रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम’, म्हणजे आरसीएस, पुढें आणली. तिच्यांत सर्वांत नवी आवृत्ति संपूर्ण ठेवीत, व मागील आवृत्त्या तिच्यापासून उलट्या फरकांच्या रूपानें ठेवीत. त्यामुळें रोज लागणारी ताजी प्रत चटकन् हातीं येई. येथें दप्तर-फाइलीवर बेरजेचा पहारा नव्हता. ही व्यवस्था एकेका फाइलीपुरती व सोपी असल्यामुळें युनिक्स यंत्रें सांभाळणारे पुष्कळ लोक कॉन्फिगरेशन फाइलींसाठीं तिचा उपयोग करूं लागले. बदलण्यापूर्वीं फाइल कुलुपासह बाहेर काढावयाची, हातानें दुरुस्त करावयाची, व कारण लिहून परत दाखल करावयाची, असा त्यांचा परिपाठ होता. हाताची मोकळीक आणि नोंदीची शिस्त यांचा मेळ घालण्याची ही एक फार साधी व प्रामाणिक रीत होती.

यापुढचें पाऊल ॲमस्टरडॅम येथें पडलें. तेथील फ्री विद्यापीठांत डिक ग्रून हे आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेच्या एका कंपायलरवर काम करीत होते. एक विद्यार्थी ठराविक वेळीं काम करी, दुसऱ्याच्या वेळेस धरबंध नव्हता, आणि गुरुजींस सवड मिळे ती संध्याकाळीं! तिघांनीं एकमेकांच्या कुलुपांसाठीं खोळंबून राहूं नये, म्हणून ग्रून यांनीं आरसीएसवर आधारलेल्या कांहीं लहान आज्ञावल्या रचल्या, व त्या १९८६ सालीं प्रसिद्ध केल्या. तीच ‘कन्करंट व्हर्शन्स सिस्टिम’, म्हणजे सीव्हीएस. १९८९ सालीं ब्रायन बर्लिनर यांनीं ती सी भाषेंत नव्यानें रचली.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें सीव्हीएसमधील सर्वांत मनोरंजक भाग म्हणजे ‘सीव्हीएसरूट’ नांवाचा कप्पा होय. दप्तराचे स्वतःचे नियम, म्हणजे कोणत्या भागास काय नांव, नोंद झाल्यावर कोणास कळवावयाचें, नोंदीपूर्वीं कोणती तपासणी करावयाची, हे सारे या कप्प्यांतील साध्या मजकुराच्या फाइलींत असत. आणि त्या फाइली त्याच दप्तराच्या नियंत्रणाखालीं असत. नियम बदलावयाचा तर इतर लिखाणाप्रमाणेंच त्याची प्रत काढावयाची, ती दुरुस्त करावयाची व शेऱ्यासह दाखल करावयाची. येथें दप्तरदारानें आपलें स्वतःचें दप्तर इतरांच्याच कायद्यानें ठेविलें होतें. तत्त्वदृष्ट्या याहून निर्दोष व्यवस्था सांपडणें कठीण.

परंतु व्यवहारानें या तत्त्वांतील एक पेंच दाखवून दिला. सीव्हीएसच्या मार्गदर्शक पुस्तकांतच असा इशारा आहे, कीं नियमांची एखादी फार चुकीची फाइल दाखल झाली, तर पुढें कांहींच दाखल करणें अशक्य होऊं शकतें. म्हणजे चूक सुधारण्याची वाटच त्या चुकीनें बंद होते! खोलीची किल्ली खोलींतच ठेवून दार ओढून घ्यावें, तशी ही स्थिति. अशा वेळीं दप्तराच्या पोटांत शिरून, नोंदीवांचून, हातानेंच ती फाइल दुरुस्त करावी लागे. सर्व कायद्यांच्या मागें शेवटीं कोणा तरी विश्वासू माणसाचा मोकळा हात असावाच लागतो, हें राज्यशास्त्रांतील जुनें सत्य येथें संगणकाच्या क्षेत्रांत पुन्हां प्रत्ययास आलें.

पुढें २००४ सालीं सबव्हर्शन या साधनाची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. तिनें सीव्हीएसचे अनेक दोष काढले. पण सेवक-यंत्राच्या व्यवस्थेच्या फाइली तिनें दप्तराशेजारच्या एका निराळ्या कप्प्यांत, नोंदीच्या बाहेर ठेविल्या. २००५ च्या एप्रिलांत लिनस टोरवाल्ड्स यांनीं गिट लिहिण्यास आरंभ केला. लिनक्सच्या गाभ्यासाठीं २००२ पासून वापरांत असलेलें बिटकीपर हें खासगी कंपनीचें साधन विनामूल्य मिळण्याचें बंद झाल्यामुळें हा प्रसंग आला होता. गिटमध्यें प्रत्येक नोंदीस चाळीस अक्षरांची एक खूण मिळते. ती त्या नोंदीच्या मजकुरावरून व तिच्या आधींच्या नोंदीच्या खुणेवरून गणितानें काढलेली असते. मागील एक अक्षर बदललें, तर पुढील साऱ्या खुणा बदलतात. एससीसीएसच्या साध्या बेरजेचें हें अत्यंत बळकट असें वंशज रूप होय. गिटच्या इतिहासांत चोरून हात घालणें जवळजवळ अशक्य आहे.

आणि तरीही त्याच गिटची ‘कॉन्फिग’ ही फाइल या पहाऱ्याच्या बाहेर आहे. ऑक्टोबर २००५ मध्यें ती वाचण्याची सोय गिटमध्यें आली. चौकटी कंसांतील मथळे व त्यांखालीं ‘अमुक बरोबर तमुक’ अशा ओळी, एवढेंच तिचें रूप. ती हातानें लिहितां येते, किंवा ‘गिट कॉन्फिग’ या आज्ञेनें बदलतां येते. या आज्ञेस तिचें आजचें नांव २००७ सालीं मिळालें. परंतु कोणत्याही मार्गानें बदललें, तरी पूर्वींची ओळ कोठें राहत नाहीं, आणि दुसऱ्यानें त्या दप्तराची नक्कल घेतली तर ही फाइल त्याच्याकडे जात नाहीं. २००५ च्याच एप्रिलांत मॅट मॅकॉल यांनीं सुरू केलेल्या मर्क्युरियल या साधनांतही अशीच बाहेरची फाइल आहे, व ती हातानें लिहिणें हीच तेथील वहिवाट होती.

प्रथमदर्शनीं हा निष्काळजीपणा वाटतो, पण तो तसा नाहीं. या फाइलींत केवळ आवडीनिवडी नसतात; कोणत्या प्रसंगीं यंत्रावरील कोणता प्रोग्रॅम चालवावा हेंही तिच्यांत सांगतां येतें. ती जर लिखाणाबरोबर आपोआप येऊं लागली, तर परक्याचें लिखाण घरांत घेणें म्हणजे परक्याच्या आज्ञा घरांत चालूं देणें होईल. ही भीति काल्पनिक नव्हती. डिसेंबर २०१४ मध्यें मर्क्युरियलच्या लेखकांस असें आढळलें, कीं मॅक व विंडोज या व्यवस्थांत लहान व मोठ्या रोमन अक्षरांचा भेद फाइलींच्या नांवांत सहसा मानीत नाहींत, त्याचा फायदा घेऊन एखादा दुष्ट मनुष्य आपल्या लिखाणांत ‘गिट’ हेंच नांव थोड्या निराळ्या अक्षरांनीं लिहिलेला कप्पा घालूं शकतो. तें लिखाण घेणाराच्या यंत्रावर उतरतांच त्याची खरी कॉन्फिग फाइल पुसली जाऊन तेथें परकी फाइल बसे. गिटची सुधारलेली आवृत्ति त्याच महिन्याच्या १८ तारखेस काढावी लागली. पुढें एप्रिल २०२२ मध्यें, दुसऱ्या वापरणाराच्या मालकीचें दप्तर स्पष्ट परवानगीवांचून उघडावयाचें नाहीं, असाही नियम गिटनें केला.

तेव्हां गिटनें केलेली विभागणी समजून घेतली पाहिजे. जे नियम सर्व सहकाऱ्यांस सारखे लागू, उदाहरणार्थ कोणत्या फाइली नोंदींतून वगळावयाच्या, ते लिखाणाबरोबर दप्तरांत राहतात व त्यांचा पूर्ण इतिहास ठेविला जातो. जी व्यवस्था एकट्याच्या घरची, ती त्याच्या घरींच राहते. एखाद्या लिखाणास दुसरें दप्तर जोडावयाचें असेल, तर त्याचा पत्ता नोंदलेल्या फाइलींत येतो खरा; पण वापरणारानें आज्ञा दिल्यावांचून तो त्याच्या खासगी फाइलींत उतरत नाहीं. सार्वजनिक नियम आणि खासगी संमति यांच्यामध्यें काढलेली ही रेघ मला न्याय्य वाटते.

मात्र या न्यायाची किंमतही लहान नाहीं. गिटमधील प्रत्येक नोंदीवर जें लेखकाचें नांव येतें, तें कोठून येतें? बहुधा याच खासगी कॉन्फिग फाइलींतून. आणि तें नांव मनुष्य आपल्या हातानें तेथें लिहितो! ज्या दप्तरांत मागील एक अक्षर बदलतां येत नाहीं, त्यांतील ‘कोणीं’ या प्रश्नाचें उत्तर अशा एका ओळीवर उभें आहे, कीं जी कोणीही, केव्हांही, नोंदीवांचून बदलूं शकतो. २०१२ पासून नोंदीवर गणिती सही करण्याची सोय झाली आहे. पण ती करण्याचा निश्चय शेवटीं माणसाचाच.

ग्रंथालयाच्या फाइलीसारखी जी फाइल एकाच्या घरची नसून अनेकांच्या कामाची असते, ती मात्र नोंदींत आणलीच पाहिजे. २००७ सालीं जोई हेस यांनीं ‘ईटीसी-कीपर’ हें साधन केलें तें याच हेतूनें. युनिक्स-लिनक्स यंत्राच्या व्यवस्थेचा सारा कप्पा तें गिटसारख्या दप्तराच्या नियंत्रणाखालीं आणतें, व नवा प्रोग्रॅम बसवितांना झालेले फेरफार आपोआप नोंदतें. आमच्या त्या ग्रंथालयांतही आतां व्यवस्थेच्या फाइली गिटमध्यें ठेवतात. प्रत्येक बदलाबरोबर कारणाचें एक मराठी वाक्य लिहावें असा ठराव झाला आहे. अर्थात् त्या जागीं ‘दुरुस्ती’ एवढा एकच शब्द लिहून मोकळे होणारे सद्गृहस्थ आमच्यांतही आहेत.

गिटमध्यें कोणती ओळ कोणीं लिहिली हें दाखविणाऱ्या आज्ञेचें नांव ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणें, असें आहे. सबव्हर्शनमध्यें त्याच आज्ञेस ‘प्रेज’, म्हणजे स्तुति, असेंही दुसरें नांव आहे. दोन्ही नांवें थट्टेनें दिलेलीं असलीं, तरी त्या वृद्ध कारकुनांची आठवण झाली म्हणजे मला दोन्ही अपुरीं वाटतात. त्यांस त्या वेळीं कोणाचा दोष काढावयाचा नव्हता, कीं स्तुति नको होती. आपण ती ओळ लिहिली नाहीं एवढेंच दाखविणारा कागद त्यांस हवा होता.

एकनाथांच्या नोंदींत नसलेल्या चौथ्या प्रश्नाचें, म्हणजे ‘पूर्वीं काय होतें’ याचें, उत्तर यंत्र आज बिनचूक देतें. ‘केव्हां’ याचेंही बहुतेक देतें. ‘कोणीं’ याचें उत्तर अजून माणसाच्या सचोटीवर अवलंबून आहे, आणि ‘कां’ याचें उत्तर त्याच्या कष्टावर. हीं दोन उत्तरें चारशें वर्षांपूर्वीं पैठणच्या त्या सत्पुरुषानें यंत्रावांचून दिलीं होतीं. आपल्याजवळ यंत्र आहे. कारणाचें एक वाक्य लिहिण्यापुरता वेळ तेवढा आपण काढला पाहिजे.